अख्ख्या ताज्या माशावरचे जंतू कसे कमी करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मासळी प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. आता गोव्यात म्हापशाजवळ राहते आणि छोट्या हॉटेलांना, मासळी विकणाऱ्यांना स्वच्छतेच्या बाबतीत मदत करते. खालचे प्रश्न त्यांचे आहेत, काही शेजारणींचे आहेत. दोन-तीन उत्तरं लांबली आहेत, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

समुद्रातून आत्ताच काढलेल्या माशावर जंतू येतात कुठून?

ते त्याच्यासोबतच आलेले असतात. निरोगी जिवंत माशाचं मांस जवळजवळ निर्जंतुक असतं. जंतूंचं बस्तान तीन ठिकाणी: कातडीवरचा बुळबुळीत थर, कल्ले आणि आतडी. कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला शंभरापासून एक कोटीपर्यंत जंतू सापडतात. कल्ल्यांत तर ग्रॅममागे हजारापासून शंभर कोटींपर्यंत मजल जाते. मासा जिवंत असेतो त्याचं शरीर त्यांना मांसात शिरू देत नाही. मेल्यावर अडवणारं कोणी उरत नाही.

यांतले काही नुसते मासा नासवतात. शेवानेला आणि स्यूडोमोनास हे त्यातले नेहमीचे, आणि थंडीतही ते कामाला लागलेले असतात. दुसरे माणसाला आजारी पाडतात. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा उबदार समुद्रातला, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा घरचाच रहिवासी. साल्मोनेला आणि ई. कोलाय मात्र समुद्राचे नव्हेत. ते आपले हात, घाण पाणी आणि न धुतलेले क्रेट यांतून माशावर चढतात. म्हणून नाकावर विसंबू नका. ज्याला वास नाही तो मासाही आजारी पाडू शकतो.

धुतल्याने किंवा जंतुनाशक वापरल्याने नक्की किती फरक पडतो?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा आकडेमोड करू.

माशासाठी परवानगी असलेल्या पातळीच्या जंतुनाशक पाण्यात अख्खा मासा नीट धुतला, तर कातडीवरचे साधारण नव्वद टक्के जंतू जातात असं धरून चला. कधी त्याहून कमी, कधी थोडे जास्त. नव्वद टक्के ऐकायला छान वाटतं. पण दहा लाखांचे एक लाख झाले, शून्य नाही. त्या एक लाखाचे पुन्हा दहा लाख व्हायला जंतूंना दुपटीच्या सव्वातीन फेऱ्या पुरतात.

आता या फेऱ्यांना वेळ किती लागतो ते बघा. बर्फात, शून्य अंशाच्या आसपास, नासवणाऱ्या जंतूंना दुप्पट व्हायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणजे धुण्याने तुम्हाला तीनेक दिवस मिळाले. तोच मासा दुपारच्या उन्हात पाटीत राहिला तर? व्हिब्रिओला मनासारखी ऊब मिळाली की तो दहा मिनिटांत दुप्पट होतो. मग धुण्याची सगळी कमाई अर्ध्या-पाऊण तासात खलास.

त्यामुळे कोणी विचारलं की कुठलं जंतुनाशक चांगलं, तर मी आधी विचारते, बर्फ किती घालता? लोकांना हे आवडत नाही. त्यांना बाटलीचं नाव हवं असतं.

मग क्लोरीन किती घालायचं?

कारखान्यांत मासा धुण्याच्या पाण्यात २ ते ५ पीपीएम क्लोरीन ठेवतात. माशाला लागणाऱ्या पाण्यात १० पीपीएमच्या वर जायचं नाही, हा सर्वसाधारण दंडक आहे. पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम, एवढं ध्यानात ठेवलं की हिशेब सोपा होतो.

बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण ५ टक्क्यांचं असेल, तर शंभर लिटर पाण्यात २० मिलिलिटर घातल्यावर १० पीपीएम होतं. ५ पीपीएमसाठी १० मिलिलिटर. इतकं थोडं! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं आणि तो बाटलीच उपडी करतो. मग कल्ले फिके पडतात, कातडीची चमक जाते, माशाला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. एवढं करूनही जंतू काही त्या प्रमाणात जास्त मरत नाहीत.

द्रावण सुगंधी नको, रंगीत नको, आणि खाद्यपदार्थांसाठी चालतं असं त्यावर लिहिलेलं हवं. फरशी पुसायची बाटली चालणार नाही. पाणी थंड ठेवा, शक्यतो बर्फ घातलेलं. मासा त्यात दोन-चार मिनिटं पुरे, मग पिण्याच्या पाण्याने धुवा.

ब्लीचिंग पावडर वापरणाऱ्यांना एक सांगायचंय. ताज्या पावडरीत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास क्लोरीन असतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत ते उडून जातं. एका वर्षी जुलैत मी कोठारातली गोणी उघडली तर आत पावडर नव्हतीच, ओलसर ढेकळं होती. आम्ही मात्र जुन्याच मापाने चमचे मोजत होतो. तेव्हापासून मी चमच्यावर विश्वास ठेवत नाही. क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या पाण्यात बुडवा आणि रंग बघा.

क्लोरीन बरोबर मोजून घातलं, तरी तपासणीत जंतू तेवढेच आले. का?

बहुधा मासा आधी धुतला नसावा.

हे मी स्वतः करून बसले आहे. नोकरीचं पहिलं वर्ष. टाकीत मोजून क्लोरीन घातलं, पट्टी बघितली, वहीत लिहिलं आणि बांगड्यांचे क्रेट थेट आत सोडायला सांगितले. तिसऱ्या क्रेटनंतर पाणी गुलाबीसर झालं, वर फेस. पुन्हा पट्टी बुडवली तर ती पांढरीच राहिली. क्लोरीन संपलं होतं. आम्ही उरलेले सगळे क्रेट नुसत्या रक्ताच्या पाण्यात बुडवून काढले, आणि पहिल्या माशांचे जंतू शेवटच्या माशांना वाटले.

क्लोरीनला जंतू आणि रक्त यांतला फरक कळत नाही. बुळबुळीत थर, रक्त, आतड्यातली घाण, जे पुढ्यात येईल त्याच्यावर ते खर्ची पडतं. म्हणून क्रम असा: आधी साध्या थंड वाहत्या पाण्याखाली थर निघेपर्यंत मासा धुवायचा, कल्ले उचलून आत पाण्याची धार सोडायची, आणि मगच जंतुनाशकाचं पाणी. टाकीतलं पाणी ठरावीक क्रेटनंतर बदलायचं. किती क्रेटनंतर, ते पट्टी सांगेल.

आणखी एक. पाणी फार अल्कधर्मी असलं की क्लोरीन मंदावतं. पीएच ६ ते ७.५ मध्ये ते सर्वांत चांगलं चालतं. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी हे एकदा तपासून घ्यावं.

घरी माशाला ब्लीच लावू का?

नको. घरी मोजमाप जमत नाही आणि गरजही नसते. त्यात कोणी नंतर व्हिनेगर किंवा लिंबू पिळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक. घरी पिण्याचं वाहतं पाणी, थंडावा आणि नीट शिजवणं एवढं पुरतं.

मीठ, हळद, भिंडां (कोकम), माडाचं व्हिनेगर यांचं काय? आई-आजी हेच लावत होत्या.

माझीही लावायची, आणि मीही लावते. पण कशासाठी ते वेगळं.

माशाचा तो विशिष्ट वास येतो ट्रायमिथिलअमाइनमुळे. माशात मुळात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असतं, त्याला वास नाही. जंतू त्याचं रूपांतर या वासाच्या द्रव्यात करतात. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. त्याला आंबट काही लागलं, मग ते कोकम असो, लिंबू असो की व्हिनेगर, की त्याचा क्षार होतो, आणि तो क्षार हवेत उडत नाही. वास गेला! जंतू मात्र बरेचसे जागच्या जागी. म्हणून जुना मासा आंबटात लपवता येतो, आणि काही खानावळी तेच करतात.

व्हिनेगर पृष्ठभागावरचे काही जंतू मारतं हे खरं, व्हिब्रिओला तर आम्ल सोसतच नाही. पण कल्ल्यांच्या खाचांत आणि पोटात ते पोचत नाही. वर अख्ख्या माशाचे डोळे आणि कातडी पांढरट पडतात. ते लावायचं तर मासा साफ करून, तुकडे करून, मसाल्याच्या वेळी.

मिठाची गंमत उलटी आहे. मीठ चोळल्याने बुळबुळीत थर सुटतो, त्यासाठी ते उत्तम. पण व्हिब्रिओ हा मीठ आवडणारा जंतू. मिठाच्या पाण्यात तो मजेत राहतो आणि गोड्या पाण्यात मरतो. म्हणून मीठ चोळून झाल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका. 'समुद्राचा मासा समुद्राच्याच पाण्यात धुवावा' असं आमच्याकडे काही जण अभिमानाने सांगतात. धक्क्याला लागून जे पाणी असतं त्यात होड्यांचं तेल, मासळीची घाण आणि गटारं येतात. त्या पाण्यात मासा धुतलात तर समुद्राने न दिलेले जंतूही तुम्ही त्याला द्याल.

ओझोन, सोडियम क्लोराइट, विजेचं पाणी... विकणारे येतात, घ्यावं का?

ही सगळी खरी तंत्रं आहेत, भोंदूगिरी नाही. प्रश्न तुमच्या धंद्याला परवडण्याचा आणि झेपण्याचा.

ओझोनला अमेरिकेत २००१ मध्ये खाद्यपदार्थांवर वापरायची मान्यता मिळाली. तो जोरदार जंतुनाशक आहे आणि मागे काही उरत नाही, त्याचा पुन्हा प्राणवायू होतो. पण तो साठवता येत नाही, जागीच तयार करावा लागतो. बंद खोलीत गळला तर माणसांना त्रास होतो. आणि तो स्निग्धांशाचंही ऑक्सिडीकरण करतो. बांगडा, तारली असे तेलकट मासे त्याने खवट होऊ शकतात, आणि गोव्यात सगळ्यांत जास्त खपतं ते हेच.

आम्ल मिसळलेलं सोडियम क्लोराइट अमेरिकेत मासळीसाठी ४० ते ५० पीपीएम या पातळीत चालतं, पाण्यात किंवा बर्फात. मासा कच्चा खाणार असाल तर आधी पिण्याच्या पाण्याने धुणं सक्तीचं. मोठ्या कारखान्यांसाठी ठीक. विजेचं पाणी म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तयार केलेलं हायपोक्लोरस आम्लाचं पाणी. जपानने २००२ मध्ये त्याला अन्नासाठी मान्यता दिली. काम चांगलं करतं, पण घाणीपुढे त्याचीही क्लोरीनसारखीच गत होते.

युरोपला माल पाठवणाऱ्यांनी मात्र सांभाळून. युरोपियन महासंघाच्या २००४ च्या ८५३ क्रमांकाच्या नियमावलीनुसार, मंजुरी नसलेलं काहीही प्राणिजन्य पदार्थावरचे जंतू काढायला वापरता येत नाही. पिण्याचं किंवा स्वच्छ पाणी, बस. अमेरिकेत चालतं म्हणून तिकडे चालेल, असं नाही.

म्हापशाच्या एका हॉटेलवाल्याने मला यंत्राचं माहितीपत्रक दाखवलं होतं. मी त्याचा डीप फ्रीज उघडला. आत माशांवर उघड्या ताटात चिकन ठेवलेलं होतं. यंत्राचा विषय तिथेच थांबला.

फॉर्मेलिनही जंतूच मारतं ना? मग त्याला एवढा विरोध का?

फॉर्मेलिन माशावर वापरायला भारतात परवानगी नाही, कुठल्याही प्रमाणात. ते जंतू मारतं आणि मांसही कडक करतं, त्यामुळे शिळा मासा ताज्यासारखा ताठ दिसतो. त्यातलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक मानलं गेलं आहे. ते जंतुनाशक उपचारांच्या यादीत बसत नाही, ती फसवणूक आहे.

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारातल्या तपासणीनंतर उठलेला गदारोळ सगळ्यांना आठवत असेल. सरकारने परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली आणि कित्येक घरांत इसवण (सुरमई) येणंच थांबलं. तेव्हापासून कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने बनवलेली कागदी पट्टीची चाचणी लोकांच्या तोंडी झाली. ती प्राथमिक चाळणी आहे. काही माशांत फॉर्मल्डिहाइड थोडं नैसर्गिकरीत्याच तयार होतं, बोंबलात तर बरंच. त्यामुळे पट्टीचा रंग बदलला म्हणून लगेच कोणाला चोर म्हणू नका. खात्रीचं उत्तर प्रयोगशाळाच देते.

मासा अख्खा ठेवावा की पोट साफ करून?

मोठा मासा, चणक, तांबोशी, इसवण, लवकर खपणार नसेल तर कल्ले आणि आतडी काढून ठेवा. जंतूंचे दोन मोठे साठे त्यातच गेले. पोटाच्या पोकळीत कण्याला चिकटून रक्ताची काळपट पट्टी असते, ती नखाने किंवा जुन्या ब्रशने खरवडून काढा. बहुतेक जण ती तशीच सोडतात.

पण अर्धवट साफ करण्यापेक्षा अख्खा बरा. आतडं फुटून घाण पोटात पसरली आणि धुतली नाही, तर जंतूंना कापलेलं मांस आयतं मिळतं. तारलीसारख्या लहान माशांना हे एकेक करून परवडत नाही. ते भरपूर खाऊन पकडले गेले असतील तर त्यांच्याच पाचकरसांनी पोट फुटतं. त्यांना बर्फ आणि घाई, दुसरा इलाज नाही.

बर्फ किती, आणि कसा?

आपल्या हवेत किलोला किलो. एवढा कशाला? तीस अंशाचा एक किलो मासा शून्यावर आणायला खरं तर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम बर्फ पुरतो. उरलेला बर्फ बाहेरच्या उकाड्याशी झुंजण्यात जातो. चांगली थर्माकोलची पेटी असेल तर कमी लागेल, उघड्या पाटीत किलोही अपुरा.

बर्फाचा चुरा हवा, ढेकळं नकोत. ढेकळं माशाला जखमा करतात आणि मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. खाली बर्फ, मग मासे, मग बर्फ, असे थर. पोट साफ केलेला मासा पोट खाली करून, म्हणजे आत पाणी साचत नाही. वितळणारं पाणी वाहून जायला पेटीला भोक ठेवा. ते पाणी जाता जाता कातडीवरचे जंतूही धुऊन नेतं. भोक बुजलं की तेच पाणी खालच्या माशांना जंतूंचं अंघोळपाणी होतं.

आणि बर्फ कसल्या पाण्याचा? लादी रस्त्यावरून ओढत आणायची, गोणपाटात गुंडाळून फोडायची, आणि मग तोच चुरा माशावर. गोठल्याने जंतू मरतातच असं नाही, कित्येक नुसते थांबतात. पेडण्याच्या एका मावशींना मी हे सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "बाय, बर्फ कसला ता कोण बघणा नाय, बर्फ असा काय ता बघतत." म्हणजे बर्फ कसला ते कोणी बघत नाही, बर्फ आहे की नाही एवढंच बघतात. खरं होतं. पण पुढच्या वेळी गोणपाटाच्या जागी धुतलेलं प्लास्टिक दिसलं.

फ्रीजवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: शून्य अंशाला मासा ज्या वेगाने बिघडतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चार अंशाला, आणि चौपट वेगाने दहा अंशाला. घरचा फ्रीज सारखा उघडला जातो, तो चारच्या खाली क्वचितच राहतो. मासा फ्रीजमध्येही बर्फातच ठेवा.

बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल झाला, अंगाला खाज सुटली. मासा नीट धुतला नव्हता का?

धुण्याचा संबंध नाही. बांगडा, तारली, टूना, इसवण यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उबेत राहिला तर मॉर्गनेलासारखे जंतू त्याचं हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं दुखतं, खाज सुटते, आणि आपण 'मला बांगड्याची अॅलर्जी आहे' असं समजून बसतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात किलोमागे २०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे.

वाईट बातमी अशी की एकदा तयार झालेलं हिस्टामिन कशानेच जात नाही. शिजवून नाही, तळून नाही, गोठवून नाही, क्लोरीननेही नाही. जंतू सगळे मेले तरी ते तिथेच राहतं. मासा जाळ्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत बर्फात गेला की नाही, यावर सगळं ठरतं. श्वास लागला, ओठ-घसा सुजला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे.

आदोळी (विळी), फळी, क्रेट कसे निर्जंतुक करावेत?

साबणाने घासून, खवले काढून, धुऊन, मग १०० पीपीएम क्लोरीनच्या पाण्याने. ५ टक्क्यांच्या द्रावणाचे २० मिलिलिटर दहा लिटर पाण्यात. काही मिनिटं ठेवा आणि वाळू द्या. लाकडी फळीला चरे पडले असतील तर ती टाकून द्या, त्या चऱ्यांत काहीच पोचत नाही. आदोळीच्या पात्याचा आणि पाटाचा सांधा मात्र सगळेच विसरतात.

जून-जुलैत काय वेगळं करायचं?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारातला बराच मासा लांबून किंवा शीतगृहातून येतो. गोठवलेला मासा फ्रीजमध्येच वितळवा, ओट्यावर नाही. आतला भाग वितळेपर्यंत बाहेरची कातडी उबदार होऊन बसते.

शेवटी शिजवल्यावर सगळं मरतंच, मग एवढा खटाटोप कशाला?

मधोमध ६३ अंश तापमान झालं की आजारी पाडणारे नेहमीचे जंतू मरतात, हे बरोबर. हिस्टामिनचं वर सांगितलंच. दुसरं, तो कच्चा मासा कढईत जायच्या आधी तुमच्या हातांना, ओट्याला आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कांद्या-काकडीला लागलेला असतो, आणि काकडी कोणी शिजवत नाही.

म्हणून माशाला नळाची जोरात धार लावून पाणी चहूकडे उडवू नका. नळ बारीक, मासा पातेल्याच्या आत, आणि कोशिंबीर आधीच करून झाकून ठेवलेली.